दुसरी कॅसेट माझ्याच हातात होती

गावच्या राखणदार देवचारालासुद्धा "आधी पुरावा दाखव" म्हणणाऱ्यांतली मी. तरुणपणी तर विचारूच नका... बी. ए. झालेली, मनगटावर घड्याळ, आणि अख्ख्या पेडण्यात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही हा ठाम समज. ती बया आज भेटली तर कान पिळीन तिचा.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाची एक खोली होती. ती मी सांभाळायचे. वाचायला कुत्रंही फिरकत नसे! समितीनं बजावलं — रविवारपर्यंत वीस मुलं सभासद झाली नाहीत, तर खोलीत खताची पोती. मी अक्कल लढवली : मुलांना व्हिडिओवर पुस्तकांच्या जादूचा सिनेमा दाखवायचा.

पण मराठी की कोंकणी? झालं, राजभाषेचा वाद तेव्हा पेटलेलाच, समितीत जुंपली! शेवटी इंग्रजी ठरला — म्हणजे कुणालाच कळायला नको. मी म्हटलं, मी समजावून सांगेन.

"खंयच्या भाशेंत?" अध्यक्ष आबा गरजले. माणूस कट्टर मराठीवाला, पण गरजायचा कोंकणीत. "गप बसायचां!"

रविवारी दुपारी दोनला पंचवीस मुलं जमली. आबा खुर्चीत. सिनेमातले भाऊ-बहीण एका जाड पुस्तकात पडतात, शाईच्या समुद्रात त्यांची होडी बुडायला लागते... आणि कॅसेट संपली. पुढचा भाग दुसऱ्या कॅसेटमध्ये. मी पिशवीत हात घातला — दुसरी नाहीच! दुकानातून एकच उचलून आणली होती मी. शहाणी!

पायलटच्या, म्हणजे भाड्यानं नेणाऱ्याच्या, मोटारसायकलवर बसून पेडण्याचा बाजार गाठला. तर दुकान बंद, मालक दुपारचा झोपलेला. मी फळ्या बडवल्या.

"चार वाजल्याबगर उघडूचंय ना गो बाये!" आतून आवाज.

"अहो, मुलं खोळंबलीत!"

"मगे तांकां पण न्हिदूंक सांग!" म्हणजे त्यांनाही झोपायला सांग!

साडेचारला घामाघूम होऊन परतले. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. त्यांच्यासमोर पंचवीस मुलं एकदम श्वास रोखून बसलेली... मग एकदम हसली. मग टाळ्या! आबा चक्क डोळे पुसत होते.

"कसल्या टाळ्या रे?"

"बाई, सिनेमा संपलो," सात वर्षांची कुंदा म्हणाली.

मी भडकले. माझी थट्टा? दुसरी कॅसेट तर माझ्या हातात! रागानं तीच लावली. मुलं जांभया देत पुढचं आधीच सांगू लागली. "आता ती पुस्तकाचां शेवटचां पान फाडतली." सिनेमातल्या मुलीनं फाडलं. "आता ताचां शीड करतली." केलं! बी. ए. झालेल्या मला मात्र निम्मं कळेना... इंग्रजी भराभर बोलत होती मेली.

होडी वाचली, पण पानच फाडल्यामुळे त्या पुस्तकातल्या गोष्टीला शेवट उरला नाही. कुंदानं माझा पदर ओढला. "मगे शेवट खंय गावतलो?"

मी वैतागून कपाटाकडे बोट दाखवलं. "तिथं शोधा!"

पंचवीसच्या पंचवीस तुटून पडली. सभासदांच्या वहीत नावं लिहिता लिहिता माझा हात दुखला. खत आबांच्याच पडवीत जाऊन पडलं.

मुलांनी सिनेमा आधी पाहिला असेल म्हणाल, तर गावात तेव्हा एकही व्हीसीआर नव्हता; तो आम्ही म्हापशाहून आणलेला. कॅसेट नवी करकरीत — दुकानदार देवाची शपथ घेऊन सांगायचा, आमच्याआधी ती कुणीच नेली नव्हती.

आबांना मी वर्षानुवर्षं छळलं. "त्या मुंग्यांत दिसलं काय तुम्हाला? कुठल्या भाषेत बोलत होते ते?"

भाषेपायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेले आबा डोकं खाजवत राहिले. "भास... भास आठवणां गो. आपण मनांत वाचतो मां, तशां होतां."

एवढं भांडून भाषाच आठवत नाही! मला आजही उलगडा नाही. आणि खरं सांगू? तो होत नाही याचं इतकं वाईट नाही वाटत, वाटतं ते वेगळ्याचंच. पंचवीस पोरांनी पाहिलं, एका हट्टी म्हाताऱ्यानं पाहिलं... आणि जिनं सगळा खटाटोप केला, ती तेवढा वेळ बाजारात एका झोपलेल्या माणसाशी भांडत होती.