सरांनी काढलेले कंस

परब सरांची झाडं उलटी असायची. मूळ वर, फांद्या खाली. वर्तमानपत्राच्या कडेला, चहाच्या पाकिटावर, कुठेही काढायचे. "काय गो सुमन, ह्या झाडाक पाणी खय घालूचा, वर की खाली?" असं विचारून स्वतःच हसायचे.

मी जिंतूरची, आठवीतच शाळा सुटलेली. मरोळच्या त्या कंपनीत डेटा एंट्रीला लागले तेव्हा आपल्याला कधी हाकलतील याची रोज धास्ती. सरांनी शेजारी बसवून शिकवलं. कॉम्प्युटर प्रोग्राम वाचतो तेव्हा आधी त्याचं असं झाड करतो, हेही त्यांनीच सांगितलं. "चुकलीस तरी चालेल. पण शंका आली की बोलायचं."

एका औषध कारखान्याच्या जुन्या प्रोग्रामची टेप बुरशीने गेली. लिहिलेल्या ओळी गेल्या, झाड तेवढं दुसऱ्या टेपवर उरलं. त्या झाडावरून ओळी परत लिहून देणारा प्रोग्राम करायला सर चार महिने खपत होते. नाही जमलं तर घरी जा, असं साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

पहिल्या छपाईत कंसच कंस निघाले. "जाळ्यात मासळी कमी नि गाठी जास्त," सर म्हणाले. जे नकोत ते त्यांनी प्रोग्रामला काढून टाकायला लावले. त्यांना ओळ सुटसुटीत लागायची.

ऑफिसातले रद्दी कागद आम्ही घरी न्यायचो. जोगेश्वरीच्या खोलीत माझ्या फळीवर, डब्यांखाली, त्याच जुन्या प्रोग्रामचं, टेप जाण्याआधी छापलेलं एक पान अंथरलेलं होतं. तेलाचा डबा उचलला आणि दिसलं. एका वजाबाकीच्या पोटात दुसरी वजाबाकी, कंसात. सरांच्या छपाईत तो कंस नव्हता. पानाच्या कडेला पेन्सिलीने करून पाहिलं. चारातून तीन गेले, उरलेला एक दहातून काढला, तर नऊ. कंस नसेल तर दहातून आधी चार जातात, मग तीन, आणि उरतात तीन.

डबा परत ठेवला. सरांनी विचार करूनच काढला असेल. आठवी शिकलेल्या बाईनं त्यांना काय सांगायचं?

पंधरा दिवसांनी कारखान्यातल्या चाचणीत गोळ्यांची वजनं चुकली. काम गेलं, त्याबरोबर सरही.

शेवटच्या दिवशी ते ड्रॉवर रिकामा करत होते. मी पान पुढे केलं. त्यांचं बोट त्या कंसावर थांबलं.

"कधी बघितलंस?"

"आज सकाळी, सर."

बोट सरकत कडेला गेलं. तिथे माझं गणित होतं, आणि गणितावर तेलाच्या डब्याचा गोल, मुरलेला डाग.

त्यांनी पानाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"फळीवर घाल परत. झुरळं येतील."