न वाचलेली ओळ

हौसाआत्या गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. ती इतरांना कळवायचं काम माझ्यावर आलं. मुठ्याला, आमच्या गावी, सगळं आटोपल्यावर तिच्याच ओट्यावर बसून मी एकेक फोन लावत होते. पहिला दिगूला, माझ्या धाकट्या भावाला, अमेरिकेत. मग जर्मनीत एक, कॅनडात दोन, ऑस्ट्रेलियात एक. आत्या जन्मात पुण्याच्या पलीकडे गेली नव्हती, पण ती गेली हे सांगायला मला चार देशांची घड्याळं बघावी लागली. प्रत्येक जण जवळपास एकच वाक्य बोलला... ‘माझा कागद तिनेच दिला होता.’ आता महिना होऊन गेलाय. हा कागद म्हणजे काय, ते एकदा नीट सांगून टाकावं असं मनात आलं, म्हणून लिहिते आहे.

आत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत माहेरी परत आली. का आली ते तिने कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि गावातली बाळंतपणं, एवढा तिचा संसार. मुठा खोऱ्यात तेव्हा रस्ता धड नव्हता, दवाखाना गाठायचा तर निम्मा दिवस जायचा, त्यामुळे माझ्या पिढीतली गावातली बरीचशी पोरं तिच्या हातावर आली. मीही त्यातलीच. एवढी पोरं जगात आणली म्हणून ती मायाळू वगैरे असेल असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. कौतुक करणं तिला जमायचंच नाही. मी वकील झाले, पेढे घेऊन गेले, तर म्हणाली, “बरं झालं. आता खोटं बोलायची सवय लागू दिऊ नगंस.” मी हसले होते. पुढे ते आठवायची वेळ आली.

मी भूगावात राहते आणि पौडला तहसील कचेरीजवळ माझं टेबल आहे. वकिली आणि नोटरी. पूर्वी माझ्याकडे वाटण्या, बांधाची भांडणं आणि वारसनोंदी यायच्या. हिंजवडी वाढली, मारुंजीत खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, आमच्याच गावची पोरं कंपन्यांत लागली आणि तिथून परदेशी गेली, तसे प्रश्न बदलले. पोराला तिकडचं नागरिकत्व मिळालं तर सातबाऱ्यावरचं नाव जाईल का? (जात नाही. वारसाने आलेली जमीन राहते, नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही.) व्हिसा आणि कायम वास्तव्याचा परवाना एकच का? (नाही. व्हिसा ठरावीक कामापुरता आणि मुदतीपुरता असतो. परवाना मिळाला की नोकरी सुटली तरी देश सोडावा लागत नाही.) पोरगा तिथे कायमचा झाला की आम्ही आपोआप कायमचे होतो का? (अजिबात नाही.) ही उत्तरं मी दिवसातून दोनदा द्यायची, आणि ऐकणारा दर वेळी माझ्याकडे असा बघायचा की जणू कायदा मीच केलाय.

सगळ्यात जास्त अडायचं ते जन्माच्या दाखल्यावर. घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद करायला ग्रामपंचायतीत कोण जाणार? मग पोरगं सहा वर्षांचं दिसायला लागलं की बाप त्याला शाळेत घेऊन जायचा आणि गुरुजी जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहून टाकायचे. आमच्या वर्गात एकवीस पोरांचा वाढदिवस एक जूनला होता. त्यावर पासपोर्ट निघाले, नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. कुणाचं काही अडलं नाही... अडलं ते दिगूचं.

दिगू तिकडे जाऊन बारा वर्षं झाली होती. कामाच्या व्हिसावर गेला, तिथेच मुलगी झाली, कायम वास्तव्यासाठी अर्ज केला आणि मग नुसती वाट बघणं. त्याच काळात आमची आई गेली. आलो तर परत जाता येईल का, हा एकच प्रश्न त्याने मला त्या सकाळी तीन वेळा विचारला. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला, नव्या शिक्क्यासाठी मुलाखतीची तारीख मिळत नव्हती. वकील म्हणून मी त्याला सांगितलं, येऊ नकोस. बहीण म्हणून मला तसं सांगायचं नव्हतं. त्याने आईचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं. तेराव्याला आत्या मला म्हणाली, “त्येला यिऊ देत न्हाईत का त्योच यीत न्हाई?” मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मंग त्यो परवाना गावला की यील?” येईल, म्हटलं.

दोन वर्षांनी अर्जाचा नंबर लागला आणि तिथल्या कार्यालयाचं पत्र आलं. जन्माचा पुरावा पुरेसा नाही. नोंद नसल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला द्या, आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं द्या, अमुक आठवड्यांत. नाही दिलं तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. म्हणजे दिगूची नोकरी, बायकोची नोकरी, पोरीची शाळा, सगळंच टांगणीला. वडील आधीच गेले होते. दिगू जन्मला तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि मला शेजारी पिटाळलं होतं. मामाने एक प्रतिज्ञापत्र दिलं. दुसरं देऊ शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते मुठ्याला म्हशीला पेंड घालत होतं.

मी मजकूर टाइप करून घेऊन गेले. दिगंबरचा जन्म एक जून रोजी झाला, असं त्यात एक वाक्य होतं, कारण पासपोर्टवर तेच होतं. आत्याला लिहिता-वाचता येत नसे, फक्त सही शिकली होती. ती म्हणाली, “वाच.” मी तिच्या शेजारी बसून ओळीखाली बोट फिरवत वाचत गेले. तारखेच्या ओळीपाशी आले आणि... ती ओळ मी गाळली. आधीपासून ठरवलं होतं असं नाही, पण नव्हतंच ठरवलं असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. शेवटपर्यंत वाचून पेन तिच्या हातात दिलं. तिने ते खाली ठेवलं.

“ह्ये न्हाई वाचलंस,” ती म्हणाली, आणि कागदावर नेमकं त्याच ओळीवर बोट टेकवलं.

“वाचलं की सगळं.”

“बोट दोन वळी खाली गेलं, नंदे. तोंड येकच वळ बोललं.”

मी वाचलं. ती लगेच म्हणाली, “जूनला तुजी आई माज्यासंगं रोपं टाकाया हुती, सातव्या म्हैन्याची. दिग्या झाला त्यो नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी, दुपारच्याला. भाताची आवणी सरत आली हुती. तुजी आई चिखलाच्या पायानं घरी आली, पाय मीच धुतलं.”

“आत्या, पासपोर्टवर एक जून आहे. शाळेत गुरुजींनी लिहिलंय.”

“मंग गुर्जीची सई घे.”

मी चिडले. आवाज चढवून बोलले, त्याचं आयुष्य अडलंय, दोन महिन्यांनी काय बिघडतं, तारखेला कोण विचारतं, असलं सगळं. तिने एकदाही आवाज चढवला नाही. “त्येनी हजर व्हतं त्येला इचारलंय ना? मी हजर हुते. मंग मी बघितलं त्येच सांगणार,” म्हणाली आणि म्हशीकडे निघून गेली. ओळ चोरली म्हणून ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचा आठवडा वाईट गेला. दिगू रोज फोन करायचा. “ताई, म्हातारीला समजाव ना,” म्हणायचा. शेवटी तोच एक जूनचा कागद घेऊन मी शेजारच्या वाडीतल्या एका आजीकडे गेले. वयाने आत्याएवढी, आईच्या ओळखीची. तिने मला चहा दिला, कागद बघितलाही नाही आणि पुढे हात करून विचारलं, “कुटं अंगठा दिऊ?” त्या बिचारीचा काही दोष नव्हता. वकिलीणबाई घरी आलीय म्हणजे काम चांगलंच असणार, असं तिला वाटलं. पण त्या पुढे आलेल्या अंगठ्याकडे बघून मला स्वतःची इतकी लाज वाटली की चहा अर्धा टाकून मी कागद पिशवीत घातला आणि परत आले. त्या दिवशी मला कळलं की आत्याचा कागद मला का हवा होता. तिच्या सहीला किंमत होती, कारण ती कुठेही सही करत नसे.

मी दिगूला सांगितलं की खरं आहे तेच लिहू. तो हादरला. पण त्याच्या तिकडच्या वकिलाने शांतपणे सांगितलं की साक्षीदाराने माहीत आहे तेवढंच सांगावं, तारखेतल्या फरकाचा खुलासा दिगू स्वतः वेगळा देईल. कायद्याच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात. मी शिकले होते, पासही झाले होते. पंचांगावरून इंग्रजी तारीख काढता येते, ती मी काढलीही होती. पण ती आत्याची माहिती नव्हती, म्हणून कागदावर घातली नाही. नवा मजकूर असा झाला: दिगंबरच्या जन्माच्या वेळी मी हजर होते. त्याच्या आईचं बाळंतपण मी केलं. तो मुठा येथे राहत्या घरी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जन्मला. इंग्रजी तारीख मला माहीत नाही. शाळेत लावलेली तारीख मी सांगितलेली नाही.

आत्या त्यासाठी जीपने पौडला आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली. भावाचा कागद मीच नोटरी करणं बरं नव्हे, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या वकिलांना सांगितलं होतं. ते भराभर वाचायला लागले तशी ती म्हणाली, “दमानं. बोट ठिऊन.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ठेवा बोट. सगळं वाचून झाल्यावर तिने एकेक अक्षर खोदल्यासारखी सही केली आणि एक झेरॉक्स मागून घेतली. कशाला, विचारलं तर म्हणाली, “माजं बोलनं परमुलखात चाललंय. काय बोलले त्ये माज्यापाशी नगं?” ती झेरॉक्स तिने दाईंच्या सरकारी शिबिरात मिळालेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवली, नाळ कापायच्या कात्रीशेजारी.

दिगूला परवाना मिळाला. तो आत्याच्या कागदामुळे मिळाला की कसा, हे मला माहीत नाही आणि सांगणारही नाही. तिथले लोक कारण कळवत नाहीत. मिळाल्यावर चार महिन्यांत तो आला. आईच्या फोटोसमोर बराच वेळ बसला, मग मुठ्याला गेलो. आत्या त्याला आपादमस्तक बघून म्हणाली, “वाळलास.” मग विचारलं, “आता कायमचा तितलाच ना? मंग हितं यायला बंदी न्हाई ना?” त्याने सांगितलं, बंदी नाही, उलट फार दिवस बाहेर राहिलो तर तिकडचाच परवाना जाऊ शकतो. ती विचारात पडली. “म्हंजी येक पाय तितंच ठिवायचा,” म्हणाली, “बरं, दुसरा आनत जा.” तेव्हापासून तो दर वर्षी आला. त्याची मुलगी आता वर्षातून दोनदा बापाला केक कापायला लावते, एक जूनला एक आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एक.

दिगूचं काम झाल्याचं कळल्यावर बाकीचे आले. आत्याने सगळ्यांना कागद दिले, पण जेवढं आठवत होतं तेवढ्याचेच. एका पोराच्या वेळी ती दुसऱ्या घरी अडकली होती, तर त्याच्या बापाला दारातूनच परत पाठवलं. “नाळ कापली तवा मी नव्हते,” एवढंच बोलली. तो बाप माझ्याशी अजून बोलत नाही.

शेवटचे वीस दिवस ती अंथरुणाला खिळून होती. तिच्या आणखी एका चुलत भावाची सून, शालनवहिनी, तिचं सगळं करत होती. मी एक दिवसाआड जात होते. त्या दुपारी वहिनी भाकरी थापत होती, मी आत्याचे पाय चोळत बसले होते. तिने दोनदा मोठा श्वास घेतला, तिसरा घेतला नाही. मी घड्याळ बघितलं. पावणेतीन वाजले होते. का बघितलं कुणास ठाऊक, सवयीने असेल. मग मी तिचे पाय तसेच धरून बसले आणि वहिनीला हाक मारायचं मला बराच वेळ सुचलं नाही. मला तिची फार आठवण येते. इतकं सरळ माणूस आपल्या बाजूने असलं की आपण निर्धास्त असतो, हे ती गेल्यावर कळलं.

पाचव्या दिवशी मृत्यूची नोंद करायला मी आणि वहिनी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक नवा आहे, भला आहे. त्याने आधार कार्ड बघितलं. “मॅडम, जन्मतारीख एक जानेवारी आहे, तीच टाकतो.” आधारवाल्यांचे गुरुजी वेगळे, एवढाच फरक. वहिनी म्हणाली, “टाका की, कोन बघतंय.” मीही मान डोलवणार होते. पण थांबले. जिने निम्म्या गावाचा जन्म सांगितला, तिचा जन्म सांगायला कुणीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, “आधारवर असं आहे, एवढंच लिहा. तिची खरी तारीख मला माहीत नाही.”

“आणि मृत्यूची वेळ?”

“दुपारी पावणेतीन.”

“नक्की? का अंदाजे?”

“नक्की,” मी म्हटलं. “मी हजर होते.”

त्याने अर्ज भरला आणि सहीसाठी माझ्याकडे सरकवला. मी पेन खाली ठेवलं, पहिल्या ओळीखाली बोट टेकवलं आणि वहिनीला ऐकू जाईल अशा आवाजात, दमाने, वाचायला लागले.