आईचा खांदा आणि कोरड्या सुया

ॲक्युपंक्चर हा शब्द लोहाऱ्यात कुणालाच धड म्हणता येत नव्हता. लोक चिनी सुया म्हणत. ऐंशीनंतरच्या एका दुष्काळातली गोष्ट. आई गावाकडं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून फोडून उजवा खांदा धरून बसली होती. हात इतका आखडला की स्वतःची वेणीही घालता येईना. मी लोहाऱ्याच्या शाळेत मास्तरीण, नवराही नोकरीला. लेकीच्या घरी राहायचं नाही असा तिचा हट्ट, तरी अक्षरशः ओढून आणलं तिला.

जवळच्या सहकारी साखर कारखान्याला त्या वर्षी ऊसच मिळाला नव्हता. रिकाम्या सभागृहात संचालक मंडळानं आरोग्य शिबिर भरवलं. दर रविवारी सोलापूरहून डॉक्टर येत. मी आईला जीपमध्ये कोंबून तिथं नेलं.

डॉक्टरांनी केसासारखी बारीक सुई काढली आणि टोचली कुठं, तर गुडघ्याखाली, नडगीच्या बाजूला!

"दुखणं हल्याला आन् इंजेक्शन पखालीला," आई मोठ्यानं म्हणाली. रांगेतले सगळे हसले. मी लाजेनं अर्धी झाले. वर सुईत औषध नाही हे कळल्यावर तर विचारूच नका. आमच्याकडं ज्याची सुई जास्त झोंबते तो डॉक्टर मोठा.

"दुष्काळात औषधबी आटलं म्हना की," शेजारच्या बाकावरचे आजोबा म्हणाले.

मग डॉक्टरांनी कसल्याशा पाल्याची जाड विडी पेटवून तिच्या खांद्याजवळ धरली. डागणी देतात असं वाटून आई उठायलाच लागली. नुसता शेक आहे म्हणत मी तिला दाबून बसवलं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता हात वर करा बरं." हात कानापर्यंत गेला. पुढच्या रविवारी ती माझ्याआधी तयार होऊन दारात उभी.

सुयांनी, शेकानं की नुसत्या विश्रांतीनं, मला ठाऊक नाही, पण खांदा सैल होत गेला. डॉक्टरांनी मात्र बजावलं, "दुखणं थांबलंय, खांदा अजून कच्चा आहे. इतक्यात हातोडा धरू नका." आई मान हलवायची. मी तेच तिला रोज ऐकवायचे.

एके दुपारी शाळेतून आले तर आई उंबऱ्यात बसून आपल्या हातानं वेणी घालत होती. गल्लीभर साखर वाटावी इतका आनंद झाला मला. दुसऱ्या दिवशी आले तर घरात आई नव्हती आणि तिचं गाठोडंही नव्हतं. सकाळच्याच एसटीनं गेल्या, असं शेजारीण म्हणाली.

रविवारी गाव गाठलं. माळावर बायकांच्या ओळीत ती बसलेली, उजव्या हातात हातोडा. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडले, "डॉक्टर काय म्हणाले होते? एवढी मरमर कशासाठी केली मी? घरात काय कमी होतं तुला?"

तिनं हातोडा खाली ठेवला नाही.

"मग हात बरा कशाला केलास?" ती म्हणाली. "लेकीच्या दारात बसून खायाला व्हय?"

मी पाय आपटत स्टँडवर आले आणि एसटीत वाटभर रडले, दुःखानं नव्हे, संतापानं.

उन्हाळा सरायच्या आत खांदा पुन्हा आखडला. शिबिर तोवर बंद पडलं होतं. माझ्याकडं यायचं नाव ती काढेना, म्हणून तिची वेणी घालायला मीच रविवारी गावी जायचे. ती मुकाट्यानं पाठ करून बसायची. माझा राग गेलेला नसायचा, फणी जोरात ओढली जायची. ती कधी "हळू गं" म्हणाली नाही.