ह्याला नाव नाय

“ह्याला नाव नाय,” भिमाबाई म्हणाल्या आणि पिवळं फूल माझ्या हातात परत देऊन मोकळ्या झाल्या.

मी तेव्हा डोळखांबकडच्या पाड्यांचा कृषी सहायक होतो. एका पाड्याच्या गुरचरणीवर, म्हणजे गावाने गुरांसाठी राखलेल्या माळावर, गवत झपाट्याने कमी होत होतं. भिमाबाईंच्या तीन गायी तिथेच चरायच्या. “आजून एक साल आसंच गेलं तर गाया इकाव्या लागतील,” हे त्यांनी मला चहाच्या आधीच सांगून टाकलं होतं.

माळ मात्र फुलांनी पिवळाधमक! ऑफिसच्या मॅडमना फोटो पाठवला.

“वा! सेल्फी पॉइंट करू या.”

“मॅडम, गुरं सेल्फी काढत नाहीत.”

“मग सर्व्हे करा.”

सर्व्हे म्हणजे मीटरभर चौकट जमिनीवर ठेवायची आणि आत काय काय उगवलंय ते लिहायचं. माझं गवताचं ज्ञान यथातथाच. भिमाबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. हा पवन्या, गाय आधी ह्यालाच तोंड लावते. ही मारवेल. हे कुसळ, कोवळं आहे तोवरच खातात. पायाखालच्या काडीकाडीला नाव होतं. कमरेएवढ्या पिवळ्या फुलाला तेवढं नव्हतं.

“गुरं खात नाय, औषदाला चालत नाय. नाव कशाला ठेवतो आमी?”

तिथे माझी ट्यूब पेटली. इथलं असतं तर नाव असतंच. हा पाहुणा होता. पुस्तकात बघितलं तर पिवळा कॉसमॉस, मूळचा परदेशी. दाटीने वाढतो आणि खालच्या गवताला ऊन मिळू देत नाही. बियांना बारीक काटे, त्यामुळे गुरांच्या अंगाला चिकटून फुकट प्रवास.

“पण इथे आला कुठून?”

भिमाबाई खो खो हसल्या. “आता बगा! शाळेच्या कुंपणाला कुणी पेरलान? तुमीच ना पुड्या वाटल्यात?”

सुशोभीकरणाच्या कार्यक्रमात बी मीच वाटलं होतं, पुडीवरचं नावही न वाचता, वर टाळ्याही घेतल्या होत्या. फार लाज वाटली.

उपाय एकच, बी धरायच्या आत उपटणं. पाड्यातले लोक म्हणाले, “दसऱ्याची तोरणं झाली का उपटू.” तोवर बी पडलं असतं. तोडगा भिमाबाईंनीच काढला. “आताच उपटा. तोरणाला फुलं पायजेत तर मुळासकट उपटून न्या.”

तीन पावसाळे आम्ही उपटत होतो. पवन्या परत आला. तिन्ही गायी दावणीला आहेत.

त्या फुलालाही आता नाव आहे. एखादं चुकार रोप दिसलं की भिमाबाई सुनेला हाक मारतात, “गो, सायबाचं फूल आलंय, उपट!”

नोकरीभर लोकांनी मला नावं ठेवली. माझं नाव ठेवलं ते एवढ्या एका तणाला. बी वाटण्याआधी गायीला विचारलं असतं, तर तेही टळलं असतं.