गिऱ्हाईक म्हणून

माझ्या कपाटात ब्लाउजांचा नुसता ढीग आहे. साड्या मोजक्याच, ब्लाउज मात्र नाही नाही त्या रंगांचे, एकाचा जरी साडीशी मेळ बसेल तर शपथ. सासूबाई विचारायच्या, "अगं, तू नोकरी करतेस की दुकान काढतेयस?" त्यांना काय सांगणार, कर्म माझं! ते सगळे एकाच घरी शिवून घेतलेत, आणि शिवणं हे निव्वळ निमित्त होतं.

मी एका संस्थेत समुपदेशक आहे. घरातून पळालेली, नशेला लागलेली, मारामारीत पकडलेली, स्वतःचे हात कापून घेणारी पोरं-पोरी आमच्याकडे येतात आणि त्यांच्या मागून त्यांचे आईबाप. इंदिरानगरात दोन खोल्यांचं ऑफिस आहे. पण खरं काम तिथे होत नाही. ते होतं त्यांच्या घरी, चटईवर बसून, नको इतका गोड चहा पीत. पोरगं घरी परत गेलं की आम्ही त्या घरी जात राहतो, कारण ज्या घरातून ते पळालं ते घर काही आपोआप बदलत नाही.

ही पोरगी दहावीतली. नाशिक रोड स्टेशनच्या बाकावर सापडली. अंगात शाळेचा गणवेश, दप्तरात एक ड्रेस आणि बिस्किटाचा पुडा. पळायची ही दुसरी खेप. माणसं मूळची देवळ्याकडची. बाप टेम्पो चालवायचा आणि पट्ट्याने मारायचा, पोरीलाही आणि तिच्या आईलाही. मार खाऊन झाला की पोरगी मोरीत जाऊन दंडावर ब्लेड ओढायची. घरी पाठवताना बापाला सांगितलं होतं की आमच्या भेटी होतील. त्याने तेव्हा मान डोलावली आणि पहिल्याच भेटीला माझ्या सहकारी बाईला दारातून हाकलून दिलं.

मग एका दुपारी आईच ऑफिसात आली. ती घरी ब्लाउज शिवायची. पदराने तोंड पुसत म्हणाली, "ताई, तुम्ही गिऱ्हाईक म्हणून या ना. मापाला बाया येतातच माझ्याकडं. ह्यांना नाय कळायचं." ऑफिसात यावर बराच खल झाला. असं लपून जायचं का, उद्या काही झालं तर काय. मी म्हटलं, तुम्ही बसा खल करत, मी ब्लाउजपीस घेऊन येते.

त्यांचं मशीन खिडकीशी होतं. आई मशीनवर बसायची, पोरगी खाली जमिनीवर. तुरपाई आणि हूक लावणं हे तिचं काम. आईने मशीन चालू ठेवलं की आमचं बोलणं शेजारी ऐकू जायचं नाही. डोळे सुईवर असले की पोरीला बोलता यायचं. समोर बसवून विचारलं असतं तर तिची दातखीळच बसली असती. मारलेलं सांगायची, ब्लेडचं सांगायची, शाळेतल्या मैत्रिणींच्या चहाड्याही सांगायची. एकदा तिने मला हूक लावायला शिकवलं. आधी वरचा, मग खालचा, मग मधले, नाहीतर ब्लाउज तिरका बसतो. मी लावलेला हूक बघून म्हणाली, "राहू द्या ताई, तुम्ही आपलं बोलायचं कामच करा."

असंच एकदा बोलता बोलता बाप दारात उभा. आईने गपकन टेप माझ्या दंडाला गुंडाळला. "बाही केवढी ठेवू ताई?" पोरगी मान वर न करता म्हणाली, "कोपरापर्यंत ठेव मम्मी, त्यांचे दंड लय जाड हायेत." बाप आत जाऊन आडवा झाला. आम्ही तिघी तोंडात पदर आणि ओढणी कोंबून हसलो. भवानी कुठली! तेव्हापासून माझ्या सगळ्या बाह्या कोपरापर्यंत आहेत.

मी तिला पढवून ठेवलं होतं. कोणीही विचारलं, अगदी कोणीही, तरी एकच सांगायचं: ह्या मम्मीच्या गिऱ्हाईक आहेत. जीव गेला तरी दुसरं काही नाही. तिला एवढंच सांभाळायचं होतं आणि दहावी पार पाडायची होती. त्यानंतर आम्ही तिला वसतिगृहात घालणार होतो, मुलींच्या. जागेचं बोलणंही झालं होतं. आईला ते ठाऊक होतं. बाप नाही म्हणणार हेही आम्हा तिघींना ठाऊक होतं, पण ते तेव्हाचं तेव्हा बघू असं मी म्हणायचे.

परीक्षेच्या आधी गेले, तर तिच्या मांडीवर पिवळाधमक ब्लाउज. बाहीला बारीक जरी. मी म्हटलं, "अगं बाई, हळदीचा का? कोण गं नवरी?" ती म्हणाली, "आहे एक." मी ब्लाउज हातात घेतला, केवढासा तो. म्हटलं, "फारच बारीक आहे गं तुझी नवरी, खात नाही वाटतं काही." पोरगी सुईत दोरा ओवत राहिली. आईने मशीन जोरात दाबलं. आतल्या खोलीत बाप होता, हे मला निघताना त्याच्या चपला दिसल्या तेव्हा कळलं.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. मागे माणसांचा गलका. मोठ्याने बोलत होती, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशी. "ताई, तुमचा जांभळा ब्लाउज गावाला घेऊन आलेय मी. आज इथं हळद हाय. उद्यापासून मला नाय जमायचं. न्यायचा तर आजच न्या." मला क्षणभर काही कळेना. आणि कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. ती पोरगी माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हळदीचा ब्लाउज तुरपत बसली होती.

फोनाफोनी केली, पोलीस घेतले, गाडी काढली. हळद लागलेली होती, लग्न लागायचं होतं. शाळेचा दाखला आम्ही बरोबर नेला होता, त्यामुळे वय किती हा वाद उभाच राहिला नाही. लग्न थांबलं. पाहुणे शिव्या देत पांगले. बाप एकच विचारत फिरत होता, "खबर कोणी दिली? आमच्या घरातलं बाहेर कोणी सांगितलं?" आई चुलीपाशी बसून होती, कोणाकडेही न बघता.

पोरीला नाशिकला आणून बालकल्याण समितीपुढे उभं केलं. आता फक्त तिने तोंड उघडायचं होतं. घरी मार आहे, मला घरी जायचं नाही, एवढं बोलली असती तर तिला त्याच दिवशी आमच्याकडे ठेवता आलं असतं. समितीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी बापाला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं, पोरीला पाणी दिलं. तिच्या नखांत अजून हळद होती. मी सगळं आधीच सांगितलं होतं, पट्टा, ब्लेड, सगळं.

"बोल बाळ, घाबरू नकोस."

पोरगी बंद दाराकडे बघत होती. तिने विचारलं, "मम्मी बाहेर पप्पांजवळच बसलीये ना?"

"हो, बसलीये."

"आणि ती घरीच जाणार ना आज?"

बाई म्हणाल्या, आईलाही दुसरीकडे ठेवता येईल, तिला विचारू या. मीही तेच म्हणाले, हात जोडून म्हणाले. आईला आत बोलावलं तर तिने कानावर हात ठेवले. तिला कुठे जायचं नव्हतं, तिच्या घरात कोणी कोणाला मारत नव्हतं. ती परत बाहेर गेली. मग बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून पोरीला विचारलं, "या ताईंना ओळखतेस ना? या म्हणतात, तू यांना सगळं सांगितलंयस."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या मम्मीच्या गिऱ्हाईक आहेत."

घरी त्रास? नाही. दंडावर हे काय? मशीनची सुई लागली. कुठे राहायचंय? मम्मीकडे.

मला राग आला होता. तिच्यावर नाही. मी त्यांच्या घरी ब्लाउजांसाठी जात नव्हते हे कळलं असतं, तर खबर कोणी दिली हेही बापाला कळलं असतं, आणि ती रात्र आईला त्याच्याच घरात काढायची होती. पोरीने बरोबर हिशेब केला होता. समितीचं चुकलं म्हणता येत नाही, पोरगी स्वतःच्या तोंडाने बोलत होती. बापाकडून हमीपत्र घेतलं, अठराच्या आत लग्न करणार नाही असं, आणि तिला घरी पाठवलं. जाताना व्हरांड्यात आई माझ्या शेजारून गेली आणि नवऱ्याच्या देखत म्हणाली, "तुमचा ब्लाउज झालाय ताई. दोन दिवसांनी न्या."

मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, पोरीला त्याच रात्री टेम्पोत घालून बाप कुठेतरी घेऊन गेला, मग परत येऊन सामान आणि बायको घेऊन गेला. कुठे, ते माहीत नाही. पोलिसात कळवलं, देवळ्याला माणूस पाठवला, मी स्वतः दोनदा जाऊन आले. तिथे सगळे म्हणतात, आम्हाला काय माहिती.

शेजारणीकडे माझी पिशवी ठेवलेली होती. जांभळा ब्लाउज, कोपरापर्यंत बाही, अस्तर लावलेलं, इस्त्री केलेली. फक्त हूक नव्हते. हूक पोरगी लावायची.

मी मधे एकदा सुईदोरा घेऊन बसले होते. आधी वरचा, मग खालचा. वरचाच लागेना. ब्लाउज घडी घालून परत कपाटात ठेवला, तसाच आहे.