सोळा की अठरा

आमच्या भाऊजींना गिऱ्हाइकं पाठीमागे 'उद्या-या' म्हणायची. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही राहतो त्याच्या बरोबर खाली त्यांचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान. दुकान कसलं, दोन टेबलं, एक स्टूल आणि भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या वायरी. सकाळी कुणी मशीन टाकून गेलं आणि तासाभरात काम झालं, तरी ते हातात म्हणून मिळायचं नाही. "उद्या या." का? तर नवी मेमरी बसवली की चोवीस तास तिची टेस्ट चाललीच पाहिजे. पडद्यावर नुसते आकडे सरकत राहायचे आणि हा माणूस त्यांच्याकडे टक लावून बसायचा. माझं तोंड मुळातच फटकळ. मी म्हणायचे, "अहो भाऊजी, कंटाळून लोक दुसरीकडे जातील." ते म्हणायचे, "जाऊ देत की. रडत इथेच येतील." आणि यायचेही.

गेम खेळणारी पोरं त्यांच्याकडे जास्त. त्यांना सगळं वेगवान हवं. मेमरीच्या पट्टीवर दोन आकडे बघायचे असतात म्हणे, एक वेग आणि एक टायमिंग. मला काही कळेना, तेव्हा भाऊजींनी एकदा समजावून सांगितलं. "वहिनी, दादा एका दिवसात किती कामं उरकतो, तो वेग. आणि तुम्ही हाक मारल्यावर किती वेळाने 'ओ' देतो, ते टायमिंग. टायमिंगचा आकडा जितका लहान तितकं चांगलं."

"मग तुमच्या दादाचं चारशे असेल," मी म्हटलं. नवरा समोरच पेपर वाचत बसला होता. त्याने तेव्हाही मान वर केली नाही.

वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र बसवायच्या असतील, तर सगळ्यात हळू असेल तिच्या चालीने बाकीच्यांना चालवायचं, हा भाऊजींचा नियम. आणि दुसरा नियम असा की टेस्ट पुरी होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या एकाही फाइलला हात लावायचा नाही. आधी टेस्ट, मग फाइलींची दुसरी प्रत, मग बाकीचं. त्यांचं पूजेसारखं होतं ते. मी हसायचे.

माझा नवरा पुलांच्या कामावर होता. वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. आमची एकच मुलगी, तिला आम्ही ठकी म्हणतो. तो लांब असला की रविवारी दुपारी बापलेक कॉम्प्युटरवर एकत्र गेम खेळायचे, तो तिकडून, ही इकडून. कानाला हेडफोन लावून नुसता आरडाओरडा. "बाबा, मागे बघा, मागे!" त्याला खेळता काडीचं येत नव्हतं, दर दोन मिनिटांनी मरायचा आणि वर हिलाच दोष द्यायचा. ठकी ते सगळं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायची. एकशे बारा रविवार. मग एक दिवस कामावरून फोन आला की छातीत दुखतंय म्हणून तो खाली बसला आणि उठलाच नाही.

त्यानंतर त्याचा आवाज उरला तो त्या कॉम्प्युटरमध्ये. ठकी अधूनमधून ऐकायची. मी एकदाही ऐकलं नाही. हिंमतच होईना. ऐकू की, कुठे पळून जातोय आता, असं स्वतःला म्हणत राहिले. दोन वर्षं म्हणत राहिले.

ठकी सतरा वर्षांची झाली आणि गेम खेळणाऱ्या एका टीमने तिला निवडीसाठी बोलावलं. घरूनच खेळायचं होतं, शनिवारी दुपारी तीनला. पण तो नवा गेम तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर अडखळायचा. मेमरी वाढवायला हवी होती आणि डिस्कवर जागाही करायला हवी होती. भाऊजींनी हे आधीच करायला हवं होतं, पण जुन्या पट्ट्यांच्या जोडीच्या पट्ट्या बाजारात मिळेनात. शोधता शोधता शुक्रवार उजाडला. मिळाल्या त्यांच्यावर वेग तोच लिहिलेला, टायमिंग मात्र अठरा. जुन्यांचं सोळा.

शनिवारी सकाळी भाऊजींनी चारही पट्ट्या बसवल्या आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना अठरा लावलं. ठकीने नाक मुरडलं. "काका, अठरा? टीममधली मुलं हसतील मला."

"हसू देत. डोळ्याला फरकसुद्धा कळायचा नाही."

"मला कळेल!"

ती पाय आपटत वर निघून गेली. जाताना जिन्यातून ओरडली, "आणि बाबांची रेकॉर्डिंगं नीट गुंडाळून ठेव हं, त्यांचीच जागा सगळ्यात जास्त आहे." तिचं चुकलं नाही. काकाच्या हातून काही बिघडू शकतं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

मग मी खाली गेले. भाऊजी टेस्ट लावून स्टुलावर बसलेले. मी म्हटलं, "लावा की सोळा. पोरीचं एवढं काय मोठं मागणं आहे?" ते नाही नाही म्हणत होते, पण त्यांनी सोळा लावून बघितलं. मशीन चालू झालं. पंधरा मिनिटं टेस्ट चालली, एक चूक नाही. मी म्हटलं, "झालं ना? द्या आता."

"उद्या देतो, वहिनी."

"उद्या काय डोंबल देता! निवड आज तीनला आहे. गेम उतरवायला दोन तास लागतात म्हणे. नुसते आकडे बघत बसायचं, घरच्यांच्या बाबतीतही तेच?"

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. मला राग आला की मी कुठे थांबायचं ते विसरते. मी म्हटलं, "दादा असता ना, तर त्याने पोरीला असं ताटकळत ठेवलं नसतं."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मग वळून टेस्ट बंद केली. सोळावर तसंच ठेवून एकशे बाराही रेकॉर्डिंगं दाबून त्यांचा एक गठ्ठा बांधला, सुटी रेकॉर्डिंगं पुसली, आणि त्या जागी गेम उतरवायला लावला. दुसरी प्रत का नव्हती, असं नंतर जो तो विचारत होता. प्रत ते टेस्टनंतर काढतात. टेस्ट झाली नव्हती.

निवडीत गेम दोनदा मधेच बंद पडला आणि ठकीला नाही म्हणाले. ती रडली, पण ते रडणं साधं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी बाबाचं काहीतरी ऐकावं म्हणून तिने गठ्ठा उघडायला घेतला, तर तो उघडेना. पुन्हा केला, उघडेना. तिने "काका" म्हणून मारलेली हाक रस्त्यावर ऐकू गेली असेल.

भाऊजींनी अकरा दिवस दुकान बंद ठेवलं. काय काय करून बघितलं, कुणाकुणाला फोन केले, हातापाया पडले. पुसलेल्या जागेवर गेम बसला होता, तिथून काही निघणार नव्हतं. गठ्ठ्यातून सुरुवातीची चार मिनिटं निघाली. त्यात माझा नवरा बहुतेक वेळ खोकतोय आणि हेडफोनच्या गुंतलेल्या वायरीला शिव्या देतोय. मी ती ऐकली. दोन वर्षं न ऐकून काय मिळवलं, असं म्हणत भांडी घासायच्या जागी बसून मी ओक्साबोक्शी रडले.

बाराव्या दिवशी भाऊजींनी मला खाली बोलावलं. त्याच चार पट्ट्या, तेच सोळा, आणि टेस्ट चालू. नवव्या तासाला पडद्यावर एक लाल ओळ आली होती. एकच. "बघा वहिनी, मेमरीची चूक. हिनेच गठ्ठा बिघडला. पंधरा मिनिटांत दिसणारच नव्हती ही," ते म्हणाले. अठरावर त्यांनी आधीच एक अख्खा दिवस चालवून बघितलं होतं. तिथे एकही नव्हती. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला वाटलं, आता बोलतील, मी काय म्हटलं होतं ते काढतील. त्यांनी नाही काढलं. ना तेव्हा, ना त्यानंतर कधी.

आता ते मेमरीचं काम घेत नाहीत. चार्जर विकतात, की-बोर्ड पुसून देतात. गेमवाली पोरं येतात आणि परत जातात. जेवायला अजून वरच येतात, पण ठकी त्यांच्याशी कामापुरतंही बोलत नाही. ताट पुढे सरकवते आणि आत जाते. ते खाली मान घालून जेवतात. मी भाजी वाढते, हवापाण्याचं बोलते. रोज वाटतं की आज ठकीला सांगावं, काकावर नको चिडू, माझ्यावर चीड. रोज तोंड उघडते आणि "आणखी वाढू का?" एवढंच विचारते. मला भीती वाटते हो. बाप गेलाय तिचा. मीही गेले तिच्या मनातून, तर माझ्याकडे काय उरलं?

परवा ठकी माझ्याबरोबर कपड्यांच्या घड्या घालत होती. मधेच थांबली.

"आई, काकाला कधीच घाई नसते गं. त्याच दिवशी कशी झाली?"

इतकं सरळ तिने कधी विचारलं नव्हतं. सांगायचं तर तेव्हाच होतं. माझ्या हातात उशीचा अभ्रा होता. मी म्हटलं, "वय झालं गं त्यांचं. होतं असं."

आणि वर बघितलं तर भाऊजी दारात. चपला काढत होते, जेवायची वेळ झाली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खरंय ठके," ते म्हणाले. "वय झालं."

आणि काढलेली चप्पल परत पायात घालून खाली गेले. बेचाळीस वर्षांचे आहेत ते. मी घडी पुरी केली.