रिकाम्या ट्रेवर लावलेला गेन

रिकाम्या ट्रेवर मोटर सेट केली, तिथेच मी माती खाल्ली. वीस वर्षं कारखान्यात मशिनं दुरुस्त करतोय. "वजन टाकल्याशिवाय सेटिंग करायचं नाही," असं नव्या माणसांवर ओरडणारा मीच. घरी आलो की अक्कल चपलांबरोबर पायरीवरच राहते.

यंदा बायकोने आंब्याचा रस बरण्यांत भरून विकायचं मनावर घेतलं. पडवीत मी तिला यंत्र करून दिलं. बारा काचेच्या बरण्यांचा ट्रे नळाखाली भरायचा, मग सर्वो मोटरने हातभर सरकून झाकणं लावायच्या जागी थांबायचा. ट्रे जागेवरून जरा हलला की मोटर त्याला किती जोरात परत ओढणार, तो आकडा म्हणजे गेन. तो लॅपटॉपवरून ठरवणं माझ्याकडे.

पण आमच्याकडे नव्या हंगामाचा पहिला रस देवाला दाखवल्याशिवाय दुसऱ्या कशाला वापरत नाहीत. पहिल्या बारांतली एक बरणी देवापुढे जायची, उरलेल्या अकरा चिपळूणच्या दुकानदाराला नमुना म्हणून. त्या त्याला पटल्या तरच तिचा धंदा सुरू.

"तुमच्या चाचणीला रसाचा थेंब मिळायचा नाही," तिने बजावलं.

म्हणून मी रिकाम्या बरण्यांवरच गेन चढवत नेला. ट्रे सुळकन जाई, खिळा ठोकल्यासारखा थांबे. मी स्वतःवर इतका खूश, की तिला मुद्दाम हाक मारून बोलावलं.

बरण्या काठोकाठ भरल्या. मी बटण दाबलं. ट्रे गेला, पण थांबायच्या जागेपुढे गेला. मोटरने मागे ओढला, तर जास्तच मागे आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, दर खेपेला आणखी जोरात. बरण्या एकमेकींवर आपटायला लागल्या, रस भिंतीवर उडाला. झाकण लावायला तिने हात पुढे केलेला, आणि ट्रेचा लोखंडी कोपरा तिच्या बोटांपासून जेमतेम तांदळाएवढ्या अंतरावरून गेला.

मी लॅपटॉप छातीशी धरून उभा. बंद करायचं लाल बटण मी बसवलं होतं ट्रेच्या पलीकडे, म्हणजे जिथे हात पोचायला ट्रेवरूनच जावं लागतं.

तिने सरळ भिंतीवरचा प्लग उपटला.

ट्रे थांबला. सात बरण्या फुटलेल्या. मी तिची बोटं हातात घेऊन एकेक दाबून पाहिलं. पाचही होती, तरी मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"अगं, वजनाने बिघडलं," मी कसंबसं म्हटलं. "रिकामा असताना अगदी झकास चालत होता. पण रसाला हात लावायचा नाही म्हटल्यावर मी तरी काय करणार?"

तिने हात सोडवून घेतला, गालावरचा रस पदराने पुसला आणि म्हणाली, "अहो, पण बरण्यांत पाणी भरून बघायला देवाने कधी नको म्हटलं होतं?"